चोराच्या वाट्याची थैली

केशरमावशी मोसंबी विकायची, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. ती बघायची हाताकडे. श्रीरामपूरच्या स्टेशनाबाहेर, टांग्यांच्या पलीकडे तिची पाटी असायची. गाडी आली की माणसांचा लोंढा बाहेर पडायचा आणि मावशी पाटीमागे उकिडवी बसून एकेकाचे हात न्याहाळायची. मला म्हणायची, "तोंडाला पावडर लावून सोंग घेता येतं, मास्तरीणबाई. हाताला कुठनं आणायचं सोंग?"

आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. चर्चच्या मागच्या आळीत आमचं घर आणि दोन दारं सोडून मावशीची खोली. तिचा नवरा दानीएल साखर कारखान्यात होता. एका हंगामात तापानं गेला. पोर लहान होती. त्याच्या मातीला गर्दी झाली, आणि त्या गर्दीत कुणीतरी त्याच्या कोटाच्या खिशातला पगार काढून घेतला. कोट खुंटीवर होता, माणूस खाली चटईवर. मावशीला रडायलाही सवड मिळाली नाही, कारण जो येऊन गळ्यात पडे त्याच्या खांद्यावरून ती तिसऱ्याकडे बघत राही. चोर सापडला नाही. तेव्हापासून तिच्या लेखी सगळं गावच त्या कोटाजवळून गेलेलं.

देवावर मात्र तिनं कधी संशय घेतला नाही. रोज संध्याकाळी जपमाळ, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, सप्टेंबरात हरेगावच्या मातमाउलीच्या जत्रेला चालत. फक्त मिस्सात डोळे मिटायची वेळ आली की ती एकच डोळा मिटायची. फादरांनी एकदा हसून विचारलं, "केशरबाई, दुसऱ्या डोळ्याला देव दिसतो का?" तर म्हणाली, "त्या डोळ्याला चपला दिसत्यात, फादर."

जत्रेला जाताना ती तीन ठिकाणी पैसे ठेवायची. खर्चायचे वरच्या बटव्यात. जपायचे लुगड्याच्या कनवटीला, आत खोचलेले. आणि तिसरी एक जाडजूड थैली, लाल खणाची, कमरेला डावीकडे अर्धी बाहेर लोंबणारी. ती चोराच्या वाट्याची.

"चोराला रिकामं पाठवू न्हाई," ती म्हणायची. "रिकामा गेला तर फिरून येतो, आन् मंग आत हात घालतो. त्याला कायतरी घावलं पायजे. त्यो खुश, आपण बी खुश."

थैलीत मोसंबीची वाळलेली सालं, जुने चिटोरे आणि वर दोन-चार नाणी असायची. थैली जाड भरायची, कारण चोर आधी दाबून बघतो. सत्तर सालच्या जत्रेत ती थैली खरोखरच कापली गेली. मावशी घरी आली ती लग्नाहून आल्यासारखी. "सालं घेऊन गेला!" म्हणून आठवडाभर आळीत सांगत होती.

तिची फिलोमिना नर्स झाली, योहान नावाच्या चांगल्या मुलाशी लग्न झालं आणि दोघं विलायतेला गेली. तो तिथं कारखान्यात, ती इस्पितळात. पहिलं बाळंतपण तिथंच झालं. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. पत्र आलं तेव्हा ते मीच मावशीला वाचून दाखवलं. मावशी पाटीतली मोसंबी एकेक उचलून, पुसून, परत ठेवत बसली. मग म्हणाली, "न्हायला कोण घालत हुतं त्याला?"

"इस्पितळातल्या नर्सा घालत असतील."

"मोजून घेतलेल्या पान्यात," ती म्हणाली. त्यापुढं त्या बाळाचं नाव तिनं काढलं नाही.

एकाहत्तर साली दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि फिलोमिनानं सरळ लिहिलं, 'आई, तू ये. मला भीती वाटते. या खेपेला बाळ तुझ्या हातात द्यायचं आहे.' योहाननं तिकीट पाठवलं. मावशीनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्या वेळी विचारलं, "हे तिनंच लिवलंय कशावरनं?"

"अक्षर तिचंच आहे, मावशी."

"अक्षर काय, कुनी बी काढतं." पण जायचं ठरलं.

मग कागदांचा फेरा सुरू झाला. आमचे हे तिच्याबरोबर नगरला गेले, मुंबईला गेले. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला, तर मावशीनं त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि समोरच्या किराणावाल्याला विचारून आली, हा खरा पोलीस आहे का. हवालदार भला माणूस. म्हणाला, "मावशी, तुमची चौकशी करायला मी आलोय." ती म्हणाली, "तुमची बी कुनीतरी कराया पायजे की."

सरकारी दवाखान्यात देवीची लस टोचून घ्यावी लागली आणि एक पिवळं पुस्तक मिळालं. त्यावर शिक्के होते. मावशी कुरकुरली. लहानपणी टोचलेल्याचे वण दंडावर रुपयाएवढे होते. बाही वर करून तिनं ते कंपाउंडरला दाखवले, पण त्यानं सुई टोचलीच. ती काही उठली नाही. आमचे हे म्हणाले, "हे पुस्तक जपा हं, मावशी." आता यात यांचीही थोडी चूक होती. यांना कागद दिसला की जपा म्हणायची सवयच. लाइटचं बिल आलं तरी घरात तसंच सांगायचे.

जायच्या आधीच्या आठवड्यात मावशी दुपारी माझ्याकडे आली, दार आतून लावलं आणि पदराखालून खाकी कापडाचा तुकडा काढला. लेकीनं पाचवारी नेसून ये असं लिहिलं होतं. मावशीला ते मान्य नव्हतं. पाचवारीला कनवट कुठली? ती नऊवारीच नेसणार होती. मी तिला आतून कमरेला बांधायचा कसा शिवून द्यायचा, म्हणजे बाजारातले व्यापारी बांधतात तशी लांबट पिशवी. मी शिवत होते आणि ती माझ्या बोटांवर नजर ठेवून बसली होती.

"टाका मोठा पडला."

"कुठं?"

"ह्यो काय. ह्यातनं करंगळी जाईल."

"अहो मावशी, करंगळी कुणाची जाणार आहे? आत लुगड्याचे इतके पदर."

"इमानात झोप लागंल, तवा?"

उसवून पुन्हा शिवला. शिवून झाल्यावर मी विचारलं, यात काय काय ठेवणार, म्हणजे कप्पे त्या मापाचे करते. ती उठली. कसा घडी करून चोळीत घातला. म्हणाली, "राग मानू नका, बाई. तुमच्यावर इस्वास हाय. तुमच्या तोंडावर न्हाई."

मी रागावले, खोटं कशाला सांगू. त्या रात्री वहीत तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि सकाळी खोडल्या.

तर त्या कशात काय गेलं ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. ते तिनं परत आल्यावर सांगितलं. तिनं एकटीनं बसून कागदांची निवड केली होती. पासपोर्टवर तिचा फोटो, म्हणजे तो मोलाचा. तिकिटाला जावयाचे पैसे पडलेले, तेही मोलाचं. सरकारनं परवानगी दिलेले तीन पौंड तर रोकडाच. हे सगळं त्या कशात गेलं. राहिलं पिवळं पुस्तक. त्यावर फोटो नाही, किंमत नाही. बाईच्या दंडात सुई टोचली एवढंच लिहिलेलं. "दंड तर माझ्याच अंगाला हाय," तिनं विचार केला, "त्यो कोन कापून नेणार?" शिवाय पुस्तक जाड होतं. लाल थैली त्यानं छान फुगत होती. सालांपेक्षा बरीच बरी फुगत होती.

यांनी तिला मुंबईला विमानापर्यंत पोचवलं. पुढचं सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं. माझ्या स्वैपाकघरात, पाटावर बसून, दर वेळी थोडं वेगळं.

विमानात तिच्या शेजारी एक सरदारजी होते. उंचेपुरे, दाढीवाले, परतीला निघालेले. तिला 'माताजी' म्हणाले. तिथंच तिला संशय आला. ओळख ना पाळख, माताजी कशाला? त्यांनी तिचा पट्टा लावून द्यायला हात पुढे केला, तर तिनं कमरेवर दोन्ही हात गच्च धरले. त्यांनी आपल्या पेल्यातलं सरबत देऊ केलं, तर तिनं ते आधी त्यांना प्यायला लावलं. ते बिचारे प्यायले. रात्रभर सरदारजी घोरत होते आणि मावशी जागी. ते खरे घोरतात की नाही हे ती घोरण्याच्या तालावरून ओळखायचा प्रयत्न करत होती.

वाटेत इंजिनात बिघाड झाला आणि विमान रोमला उतरलं ते उतरलंच. दुसऱ्या दिवशीपर्यंत निघणार नाही म्हणाले. प्रवाशांना हॉटेलात नेणार, पण त्याआधी पासपोर्ट जमा करा. टेबलामागं एक टोपीवाला अधिकारी बसला होता. रांगेतला जो तो पासपोर्ट देत होता आणि एक पुठ्ठ्याचा तुकडा घेत होता. मावशीची पाळी आली. ती हालेना.

"माताजी, सबके ले रहे हैं," सरदारजी मागून म्हणाले.

"सबके लेव. मेरा नको."

"कल वापस देंगे."

"आनि नाय दिया तो?"

अधिकाऱ्यानं हात पसरला. मागं रांग खोळंबली. कुणीतरी इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं, मावशीनं वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. शेवटी भिंतीकडे तोंड करून तिनं लुगड्याच्या आतून कसा सोडवला, पासपोर्ट काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच झटक्यात अधिकाऱ्याचं शाईचं पेन उचलून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

"कल," ती म्हणाली. "तू मेरा दे, मैं तेरा देती."

सरदारजींनी ते इंग्रजीत सांगितलं. टोपीवाला हसला, खिशातून दुसरं पेन काढलं आणि पुढच्याचं नाव लिहू लागला. मावशी म्हणायची, "हसला, तवाच मला वाटलं, पेन हलकं असंल."

हॉटेलात तिनं दाराला आतून खुर्ची लावली. सकाळी खाली आली तर लोक बसमध्ये बसत होते. विमानाला अजून अवकाश होता, मोठं देऊळ दाखवायला नेत होते. सरदारजींनी सांगितलं, "सेंट पीटर का चर्च, माताजी." मावशीनं तिथंच क्रूस केला. फादर ज्या रोमचं नाव घेत, तेच हे रोम, हे तिला रात्रभर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिथलं काय बघितलं हे मी पुष्कळदा विचारलं. ती सांगायची, खांब लई मोठे, कबुतरं लई, आन् माणसंच माणसं, हरेगावच्या दहा जत्रा. मग आवाज खाली आणून म्हणायची, "आन् मला कळलं, हितं असणार."

ती आत शिरायच्या आधी चौकातच गुडघ्यावर बसली. जपमाळ काढली. शेजारी एक बाई येऊन बसली. डोक्याला काळा रुमाल, हातात जपमाळ, ओठ हलताहेत. अशी भक्त की मावशीला आपलीच लाज वाटली. आणि दोन मणी होतात न होतात तोच डावीकडे कमरेला मुंगी चालल्यासारखं झालं.

"मला कळलं, मास्तरीणबाई! एका हातात माळ, दुसरा शालीखालनं माझ्या थैलीला. लई हलका हात. आपल्या जत्रेतल्यावानी न्हाई, येकदम रेशमी."

"मग तुम्ही ओरडला नाहीत?"

"वरडू कशाला? तिच्यासाठीच बांधली हुती की. मी उलट जरा झुकले, म्हंजी तिला गाठ घावावी. सुटंना बिचारीला. वर एक नमो मरिया म्हटलं तिच्या नावानं."

बाई उठली, क्रूस केला आणि गर्दीत मिसळली. मावशी इतकी खुश झाली की आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन सरदारजींशी बोलली. थैलीची सगळी हकिकत सांगितली. सरदारजी पोट धरून हसले. "माताजी, तुम तो उस्ताद निकली!" संध्याकाळी टोपीवाल्याकडून पासपोर्ट परत मिळाला, तिनं पेन परत केलं, कसा बांधला, विमान सुटलं. त्या रात्री ती झोपली.

विलायतेला उतरल्यावर रांगेच्या तोंडाशी एक गोरी बाई सगळ्यांकडे काहीतरी मागत होती. ज्याच्या त्याच्या हातात पिवळं पुस्तक. सरदारजींनी त्यांचं काढलं. वळून म्हणाले, "माताजी, टीके की किताब?"

मावशीचा हात डावीकडे कमरेला गेला. लाल थैली आता तिथं कुठली असणार?

तिनं आधी सरदारजींवरच संशय घेतला. यानंच त्या बाईला खूण केली असेल, हसला कसा होता! पण सरदारजी आपली घाई सोडून तिच्यासाठी थांबले, गोऱ्या बाईला, मग डॉक्टरला, सगळं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मावशीनं चोळीची बाही वर करून दंडावरचे वण दाखवले. डॉक्टरनं बघितले, मान हलवली. हिंदुस्थानात देवीची साथ अजून होती. कागद नाही म्हणजे टोचलेलं नाही, असा त्यांचा हिशेब. परत टोचायचं, पत्ता लिहून द्यायचा, रोज कुणीतरी येऊन बघून जाणार. मग डॉक्टरनं विचारलं, कुणाकडे आलात, घरात कोण कोण आहे?

"बेटी पेट से है," मावशी अभिमानानं म्हणाली. "उसके वास्ते आयी."

सरदारजींनी ते सांगितलं आणि डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

ताजी लस टोचलेल्या माणसानं गरोदर बाईजवळ आणि तान्ह्या मुलाजवळ जायचं नाही. टोचलेलं पिकतं, त्यातून तान्ह्याला लागतं. खपली धरून पडेपर्यंत हात लावायचा नाही. हे सरदारजींनी तिला हिंदीत तीन प्रकारे सांगितलं. तिन्ही वेळा तिनं म्हटलं, "झूठ."

बाहेर योहान उभा होता. डॉक्टरनं त्यालाही आत बोलावून समजावलं. मावशी बघत होती, तो मान डोलावत होता. फार डोलावत होता. तिला वाटलं, याला हेच हवं होतं. सासू नको म्हणून दोघांनी मिळून काढलेली युक्ती आहे. बसमध्ये ती जावयाशी अक्षर बोलली नाही.

घराचं दार फिलोमिनानं उघडलं. हे सांगताना मावशी दर वेळी थांबायची. पोर भरलेल्या पोटानं दारात उभी, चार वर्षांनी दिसलेली, तोंडावर सूज. मावशीनं दोन्ही हात पसरले. योहान मागून म्हणाला, "फिलू, विमानतळावर आईंना लस दिलीय."

फिलोमिना एक पाऊल मागं सरली.

"आई, तिथंच थांब."

"अगं, आता टोचलंय. अजून दुखत बी न्हाई."

"आई, मी वॉर्डात बघितलंय. लस उठलेलं तान्हं बाळ मी या हातांनी सांभाळलंय. ते वाचलं नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र तिनं पाठीमागं बांधून ठेवले होते. "माझं एक गेलंय. थांब तिथंच."

मग मात्र मावशीनं ते खरं मानलं. "जग खोटं बोललं असतं," ती मला म्हणाली. "पर माझी पोर हात मागं बांधून खोटं बोलायची न्हाई."

खाली एक खोली आणि स्वैपाकघर, वर दोन खोल्या. मावशी खाली, लेक वर. दंडाला पट्टी, हात साबणानं धुवायचे, मग स्वैपाक करायचा आणि ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवून परत यायचं. लेक वरून उतरून ते घेऊन जायची. मायलेकी जिन्याच्या दोन टोकांना बसून बोलायच्या. मुंबईहून नेलेले डिंकाचे लाडू तसेच मधल्या पायरीवरून गेले. टोचलेलं भरलं, पिकलं, हाताला ताप आला. रोज एक माणूस दारात येऊन बघून जायचा. मावशी त्याच्या पायांकडे बघून घ्यायची, घरात किती पाऊल टाकतो ते.

आठवड्याच्या आतच फिलोमिनाला इस्पितळात नेलं. मुलगा झाला. या खेपेला रडला, जोरात रडला. बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा मावशीच्या दंडावर काळी खपली होती, नाण्याएवढी, घट्ट. बाळाला न्हायला खाली स्वैपाकघरात आणत, तेव्हा ती आपल्या खोलीच्या काचेच्या दारामागून नातवाला बघायची. पहिल्या दिवशी बाळाला न्हाऊ घालायची वेळ आली. नर्स येऊन ओल्या कापडानं पुसून गेली. मावशी काचेमागं कासावीस झाली. पुसायला ते काय टेबल आहे?

तिनं दार फटीएवढं उघडलं. "जावईबापू."

"काय आई?"

"बूट काढा. पँट गुडघ्याच्या वर दुमडा. जमिनीवर बसा आन् पाय सरळ पसरा."

योहाननं बायकोकडे बघितलं. बायको हसू दाबत होती. आमच्या श्रीरामपुरात कुठल्या पुरुषानं मुलाला पायावर घेऊन न्हाऊ घातलंय? पण तो बसला. कारखान्यातला तगडा गडी, ओंडक्यासारखे पाय पसरून, थंडीनं काकडत. आणि सुरू झालं.

"पाय जोडा. अजून जोडा. मधनं पडंल त्ये. आता पालथा घ्या, डोस्कं पावलांकडं. असं न्हाई! मान धरा, मान! मान काय दोडका हाय?"

"आई, घसरतोय."

"तेल लावल्यावर घसरायचाच. त्याला न्हाई, तुमाला धरायचंय. डाळीचं पीठ हळू. टाळूला हात लावू नका, टाळूवर नुसतं तेल थोपटा. बोटांनी न्हाई, तळव्यानं. नाकात पानी जाईल, कपाळावर आडवा हात धरा."

"तिसरा हात कुठून आणू?"

"माझे दोन रिकामे हाईत," मावशी फटीतून म्हणाली.

रोज सकाळी असंच चाललं. मावशी दाराआडून एकटक बघायची. पाणी किती तापलं ते बघायला त्याला कोपरावर टाकायला लावायची, आणि तो "बरोबर आहे" म्हणाला तरी विश्वास ठेवायची नाही. "तोंड वाकडं का झालं मंग?" ती विचारायची. त्यानं बाळाला थोडं लवकर उचललं की म्हणायची, कानामागं राहिलं. तो शपथेवर सांगायचा धुतलं. ती म्हणायची, दाखवा. तो बाळाचा कान काचेला लावून दाखवायचा. फिलोमिना म्हणायची, "आई, पुरे गं, तो रात्रपाळी करून आलाय." मावशी म्हणायची, "पोराला काय ठाऊक रात्रपाळी?"

पण तिनं मला हेही सांगितलं, की चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्याचे हात बसले. बाळ त्याच्या पायावर रडायचं थांबलं. गरम पाणी पाठीवर पडलं की डोळे मिटून घ्यायचं. काचेमागं उभी राहून तिला बरंही वाटायचं आणि वाईटही वाटायचं. ज्या बाळासाठी विमानातून आले त्याला न्हाऊ घालायला आता माझी गरज उरलेली नाही, असं तिला वाटू लागलं. रात्री खपलीला बोटानं चाचपून बघायची. सुटली का? नाही. ओढून काढायचा मोह होत होता. काढली नाही. जपमाळ घेऊन बसायची आणि मण्यांऐवजी देवाला तेच विचारत राहायची.

खपली एके सकाळी अंथरुणात पडलेली सापडली. दारात येणाऱ्या माणसानं दंड बघितला, कागदावर सही केली, प्रथमच हसला. मावशीनं अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, वरच्या खोलीत गेली आणि जमिनीवर पाय पसरून बसली.

"आणा."

योहान बाळाला घेऊन उभाच राहिला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. सवयीनंच दुमडली असेल.

"आई, हात गार आहेत का?"

"न्हाईत."

"बघू."

मावशीनं हात पुढे केले. त्यानं खरंच बोटं लावून बघितलं. मग वाकून बाळ तिच्या पायांवर ठेवलं, पण मानेखालचा हात काढेना.

"सोडा आता."

"मान, आई. मानेखाली."

"जावईबापू, म्या तुमची बायकू ह्याच पायांवर वाढवली."

त्यानं हात काढला आणि दारात जाऊन उभा राहिला. गेला नाही. मावशीनं तेल लावलं, पीठ लावलं, पहिला तांब्या पाठीवर ओतला. बाळ ताठरलं. अनोळखी पाय, अनोळखी हात. तोंड वाकडं करून असं रडायला लागलं की फिलोमिना पलंगावरून उठली. योहान दोन पावलं आत आला.

"थांबा," मावशी म्हणाली. "रडू द्या. त्याला अजून इस्वास न्हाई आला."

तिनं घाई केली नाही. पाणी थोडं थोडं सोडत राहिली. बाळ हळूहळू सैलावलं. न्हाणं झालं, कोरडं केलं, मऊ फडक्यात गुंडाळलं. फिलोमिनानं हात पुढे केले, "दे आई, भुकेला असेल." मावशीनं बाळाला पायांवरच ठेवलं, त्याच्या टाळूवर तळवा हलकेच थोपटत. ते डोळे उघडून एकटक तिच्याकडे बघत होतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्यो घेतोय माझी झडती."